व्हॉइस गेटवेचं लायसन्स आणि पोर्ट कसे तपासायचे: क्रम, पडताळे आणि नेहमीच्या चुका

व्हॉइस गेटवे म्हणजे ऑफिसची फोनव्यवस्था ऑपरेटरच्या लाइनला जोडणारा राउटर. त्यावर नवी पीआरआय (ऑपरेटरची डिजिटल फोनलाइन) घ्यायची असते किंवा सिप ट्रंकचे (आयपीवरून येणाऱ्या फोनलाइनचे) चॅनेल वाढवायचे असतात. कोणीतरी राउटरवर लायसन्सची कमांड देतं, यूसीके९ च्या (व्हॉइस चालू करणाऱ्या पॅकेजच्या) शेजारी ‘अ‍ॅक्टिव्ह’ वाचतं आणि वर कळवतं की लायसन्स आहे, ऑर्डर देऊन टाका. चॅनेल येतात, बिल सुरू होतं आणि कॉल पूर्वीच्याच आकड्यावर अडतात. उलटा प्रकारही तितकाच नेहमीचा: अडचण डीएसपीची (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिपची) असते आणि पैसे लायसन्सवर खर्च होतात.

सॉफ्टवेअर पॅकेज, सेशनची मर्यादा, राउटरवरचे पोर्ट, डीएसपी आणि ऑपरेटरने चालू केलेले चॅनेल ही पाच वेगळी खाती आहेत. एकात शिल्लक आहे म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही. एका कॉलच्या वाटेत यांतली जी खाती येतात, त्यांतला सर्वांत लहान आकडा हीच तुमची खरी क्षमता. पुढची सगळी तपासणी हे आकडे एका कागदावर आणण्यासाठी आहे.

उदाहरणासाठी सिस्कोचे आयएसआर राउटर घेतले आहेत: जुनी दुसरी पिढी, म्हणजे १९००, २९०० आणि ३९००, आणि आयओएस एक्सई या कार्यप्रणालीवर चालणारी ४००० मालिका. कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. एखादी कमांड तुमच्या आवृत्तीत थोडी वेगळी असली, तर अर्ध्यावर थांबून प्रश्नचिन्ह द्या, राउटर पुढचे पर्याय दाखवेल.

## तयारी

राउटरला हात लावण्याआधी चार गोष्टी जवळ हव्यात: इनेबल पातळीचा (पूर्ण अधिकारांचा) लॉगिन, खरेदीचे कागद, ऑपरेटरच्या जोडणीचा आदेश आणि कंपनीच्या स्मार्ट अकाउंटचा (सिस्कोकडच्या लायसन्सखात्याचा) प्रवेश. खरेदीच्या कागदांत परचेस ऑर्डर आणि लायसन्स ज्या ई-मेलने आलं तो मेल, दोन्ही शोधा. हा मेल बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये असतो. म्हणून शोध आदल्या दिवशीच सुरू करा.

पुटी किंवा तुम्ही जे टर्मिनल वापरता त्यात सेशनचं लॉगिंग चालू करा आणि पहिली कमांड `टर्मिनल लेंग्थ ०` द्या. पान-पान थांबणारं आउटपुट हाताने कॉपी करताना नेमक्या हव्या त्या ओळी सुटतात.

सावध: या लेखातल्या ‘शो’ कमांड चालू कामकाजात बिनधास्त देता येतात. ‘डीबग’ मात्र गर्दीच्या वेळी देऊ नका. लायसन्स तपासण्यासाठी त्याची गरजही नाही.

## १. हा राउटर नेमका कोणता, ते ठरवा

`शो व्हर्जन`, `शो इन्व्हेंटरी` आणि `शो लायसन्स यूडीआय`. या क्रमाने.

पहिल्यातून आयओएसची आवृत्ती मिळते आणि पुढे कोणत्या पद्धतीने तपासायचं हे त्यावरच ठरतं. दुसऱ्यातून खोक्यात बसवलेलं प्रत्येक कार्ड आणि डीएसपी मॉड्यूल दिसतं. तिसऱ्यातून यूडीआय मिळतो, म्हणजे उत्पादन क्रमांक आणि सीरियल क्रमांक यांची जोडी. जुन्या पिढीचं लायसन्स या जोडीलाच बांधलेलं असतं.

पडताळा: यूडीआयमधला सीरियल क्रमांक लायसन्सच्या मेलमधल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. जुळला नाही, तर बहुधा मधल्या काळात वॉरंटीत राउटर बदलून आलेला असतो आणि लायसन्स जुन्या खोक्याच्या नावावरच राहिलेलं असतं. त्यासाठी रीहोस्ट करून, म्हणजे लायसन्स नव्या यूडीआयवर हलवून घ्यावं लागतं. कॉन्फिगरेशनची फाइल कॉपी केल्याने लायसन्स येत नाही, कारण ते त्या फाइलमध्ये नसतंच.

सावध: बदली राउटरवर यूसीके९ चालू नसताना जुनं कॉन्फिगरेशन चढवलं, तर व्हॉइसच्या ओळी राउटरला समजत नाहीत आणि तो त्या गाळतो. त्या अवस्थेत कोणी `राइट मेमरी` दिलं की डायल-पीअर (कोणता कॉल कुठे पाठवायचा हे नियम) आणि व्हॉइस पोर्टची सगळी मांडणी सेव्ह केलेल्या प्रतीतूनही जाते. आधी लायसन्स, मग रीलोड, त्यानंतरच कॉन्फिगरेशन. हा क्रम मोडू नका आणि मूळ प्रत राउटरच्या बाहेर ठेवा.

## २. पॅकेज लायसन्स: टेबलाचे तीनही रकाने वाचा

`शो व्हर्जन`च्या शेवटी टेक्नॉलॉजी पॅकेजचं छोटं टेबल येतं. आयपीबेस, सिक्युरिटी, यूसी अशा ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे तीन रकाने: करंट, टाइप आणि नेक्स्ट रीबूट. बहुतेक जण पहिला रकाना वाचून थांबतात.

यूसीच्या ओळीत करंटखाली ‘नन’ आणि नेक्स्ट रीबूटखाली ‘यूसीके९’ असेल, तर पॅकेज चालू करण्याची कमांड दिली आहे, रीलोड बाकी आहे. याच्या उलट, करंटखाली यूसीके९ आणि नेक्स्ट रीबूटखाली ‘नन’ असेल, तर ताबडतोब लक्ष घाला. आज कॉल चालू आहेत, पण ज्या दिवशी वीज जाऊन राउटर पुन्हा उठेल त्या दिवशी व्हॉइस बंद असेल.

आता `शो लायसन्स` द्या. जुन्या पिढीवर यूसीके९ ची नोंद साधारण अशी दिसते:

> फीचर: यूसीके९
> पिरियड लेफ्ट: नॉट अ‍ॅक्टिव्हेटेड
> लायसन्स टाइप: इव्हॅल-राइट-टू-यूज
> लायसन्स स्टेट: अ‍ॅक्टिव्ह, नॉट इन यूज, यूला नॉट अ‍ॅक्सेप्टेड

यातला ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द फसवतो. नोंद उपलब्ध आहे एवढंच तो सांगतो. ‘नॉट इन यूज’ म्हणजे फीचर चालूच नाही आणि ‘यूला नॉट अ‍ॅक्सेप्टेड’ म्हणजे करार स्वीकारलेला नाही. तुम्हाला हवी असलेली नोंद अशी असते: टाइप ‘पर्मनंट’, पिरियड ‘लाइफ टाइम’, स्टेट ‘अ‍ॅक्टिव्ह, इन यूज’.

तिसरी शक्यता सर्वांत जास्त दिसते: टाइप ‘राइट-टू-यूज’, स्टेट ‘इन यूज’. आयओएस १५ च्या पुढच्या आवृत्त्यांत ६० दिवसांचा चाचणीकाळ संपला की नोंद आपोआप राइट-टू-यूज होते आणि सेवा चालू राहते. राउटर अडवत नाही म्हणून लायसन्स घेतलेलं आहे असा अर्थ लावणं चूक आहे. या नोंदीमागे खरेदीचा कागद असायलाच हवा. नसेल, तर तपासणीच्या अहवालात ‘कागद नाही’ असं स्वच्छ लिहा.

कॉल एन्क्रिप्ट करायचे असतील, म्हणजे टीएलएस आणि एसआरटीपी वापरायचं असेल, तर सिक्युरिटीके९ सुद्धा लागतं. जुन्या पिढीवर एवढ्यानेही संपत नाही. एचसेक (जास्त एन्क्रिप्शनचं) लायसन्स नसेल, तर एन्क्रिप्टेड वाहतूक प्रत्येक दिशेला ८५ एमबीपीएस, २२५ टनेल आणि १००० टीएलएस सेशन यांवर थांबते. `शो प्लॅटफॉर्म सर्म-इन्फर्मेशन` ही मर्यादा आणि सध्याचा वापर दोन्ही दाखवतं. शाखांचे व्हीपीएन त्याच राउटरवर असतील, तर हा आकडा जरूर टिपा.

पडताळा: जुन्या पिढीवर पर्मनंट लायसन्स सापडलं, तर `लायसन्स सेव्ह` कमांडने त्याची प्रत फ्लॅशवर काढा आणि ती दुसरीकडे जपा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि राउटर बिघडला तर हाताशी पुरावा असतो.

## ३. ४००० मालिका असेल तर: स्मार्ट लायसन्सिंग

इथे राउटर आपला वापर सिस्कोच्या स्मार्ट सॉफ्टवेअर मॅनेजरला कळवतो. पद्धत आवृत्तीवर अवलंबून आहे आणि सीमारेषा १७.३.२ ही आहे.

त्याआधीच्या स्मार्ट लायसन्सिंगमध्ये `शो लायसन्स समरी` वर दोन शब्द शोधा: रजिस्ट्रेशनपुढे ‘रजिस्टर्ड’ आणि ऑथरायझेशनपुढे ‘ऑथराइज्ड’. ‘आउट ऑफ कम्प्लायन्स’ दिसलं, तर राउटर जितकं वापरतोय तितकं तुमच्या खात्यात नाही. ‘इव्हॅल मोड’ म्हणजे नोंदणी झालेली नाही आणि ९० दिवसांची मुदत उलटी मोजली जात आहे. ‘इव्हॅल एक्स्पायर्ड’ असेल, तर बाकीची तपासणी बाजूला ठेवून आधी नोंदणी करून घ्या.

१७.३.२ पासून नोंदणीची ही पायरी गेली. आता `शो लायसन्स समरी` मध्ये लायसन्सचं नाव, संख्या आणि ‘इन यूज’ एवढंच येतं. इथेच मंडळी निर्धास्त होतात. ‘इन यूज’ हा फक्त वापर आहे, मालकी त्यातून कळत नाही. `शो लायसन्स यूसेज` उघडा आणि एन्फोर्समेंट टाइप पाहा. तिथे ‘नॉट एन्फोर्स्ड’ असेल, तर राउटर वापर अडवत नाही, नोंदवतो आणि अहवालात पाठवतो. मग `शो लायसन्स स्टेटस` मधून ट्रान्सपोर्ट (अहवाल पाठवण्याचा मार्ग) कोणता, शेवटचा अहवाल कधी गेला, पोच मिळण्याची अंतिम तारीख कोणती आणि ट्रस्ट कोड (राउटरच्या अहवालाची ओळख पटवणारा कोड) बसला आहे का, हे उतरवून घ्या.

अहवाल जात नसेल, तर लायसन्सला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा: राउटरचं घड्याळ बरोबर आहे का, डीएनएस नाव सोडवतो का, आणि एचटीटीपी क्लायंटचा सोर्स इंटरफेस इंटरनेटपर्यंत पोचतो का. मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) असणं हे तिसऱ्या अडचणीचं नेहमीचं कारण.

पडताळा: आता राउटर सोडून स्मार्ट अकाउंट उघडा. खरेदी केलेलं लायसन्स ज्या व्हर्च्युअल अकाउंटमध्ये जमा झालं आहे, त्याच अकाउंटशी हा राउटर जोडलेला आहे ना? ऑर्डर टाकताना पुरवठादाराने स्मार्ट अकाउंटचं नाव भरलं नसेल, तर लायसन्स त्याच्याच होल्डिंग अकाउंटमध्ये पडून राहतं. पैसे भरलेले, लायसन्स विकत घेतलेलं, आणि राउटरच्या खात्यात शून्य. पुरवठादाराला लेखी कळवून ते आपल्या खात्यात घ्या.

याच वेळी `शो प्लॅटफॉर्म हार्डवेअर थ्रूपुट लेव्हल` द्या. ४३३१ मूळ १०० एमबीपीएसवर चालतो आणि परफॉर्मन्स लायसन्सने ३०० वर जातो. जी.७११ या कोडेकचा (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा) एक कॉल एका दिशेला आयपी पातळीवर ८० केबीपीएस घेतो, त्यामुळे नुसत्या आवाजाने ही मर्यादा सहसा भरत नाही. पण इंटरनेट आणि आवाज एकाच राउटरवर असतील, तर आवाज तुटण्याचं कारण इथेही असू शकतं.

## ४. सेशन: क्यूबचा हिशेब

सिप ट्रंक राउटरवर संपवून आतल्या आयपी पीबीएक्सला (ऑफिसच्या अंतर्गत एक्स्चेंजला) जोडणारं फीचर म्हणजे क्यूब, बॉर्डर एलिमेंट. त्याचं लायसन्स यूसीके९ पेक्षा वेगळं असतं आणि एकाच वेळी चालणाऱ्या सेशनवर मोजलं जातं. यूसीके९ आहे म्हणून हवे तितके सिप कॉल चालतील, हा या विषयातला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

`शो क्यूब स्टेटस` मध्ये जुन्या आवृत्त्यांवर ‘लायसन्स्ड कपॅसिटी’ अशी ओळ येते. तो आकडा कोणीतरी `व्हॉइस सर्व्हिस व्हॉइप` खाली हाताने भरलेला असतो. तिथे १०० दिसलं म्हणजे १०० सेशन विकत घेतली असं नव्हे. विकत घेतलेला आकडा परचेस ऑर्डरवरूनच घ्या. १७.२ पासून राउटर प्रत्यक्ष वापर स्वतः मोजून कळवतो. दोन राउटर जोडीने चालत असतील, तर रिडंडंट प्रकारचं लायसन्स वेगळं असतं, तेही कागदावर तपासा.

मोजणीत दोन चुका वारंवार होतात. `शो कॉल अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस कॉम्पॅक्ट` मध्ये एकूण कॉल-लेगचा आकडा येतो. क्यूबमधून जाणाऱ्या साध्या कॉलचे दोन लेग असतात, आत येणारा आणि बाहेर जाणारा. ८० लेग म्हणजे ४० कॉल. अनेक जण ८० वाचतात आणि दुप्पट सेशन मागवतात. दुसरी चूक म्हणजे पीआरआयवरचे कॉल क्यूबच्या हिशेबात धरणं. पीआरआय ते आयपी कॉल क्यूबचं सेशन वापरत नाही. आयपीवरून आयपीवर जाणारे कॉलच इथे मोजायचे.

## ५. पोर्ट आणि चॅनेल

`शो व्हॉइस पोर्ट समरी` द्या. अ‍ॅनालॉग एफएक्सएस (साधा फोन किंवा फॅक्स जोडायच्या) पोर्टपुढे अ‍ॅडमिन ‘अप’, ऑपर ‘डॉर्म’, पुढे ‘ऑन-हुक’ आणि ‘आयडल’ दिसेल. ‘डॉर्म’ पाहून पोर्ट मेला समजू नका, रिकामा पोर्ट असाच दिसतो. फोन उचलून पुन्हा कमांड द्या, स्थिती बदलली पाहिजे. बदलत नसेल, तर केबल किंवा पोर्टमध्ये दोष आहे.

पीआरआयसाठी `शो कंट्रोलर्स ई१` आणि `शो आयएसडीएन स्टेटस`. दुसऱ्यात ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ असेल, तर एक्स्चेंजशी संवाद चालू आहे. ई१, म्हणजे पीआरआय ज्या डिजिटल जोडणीवर येते ती, तिच्यात ३२ टाइमस्लॉट असतात. शून्य क्रमांकाचा जुळणीसाठी, १६ वा सिग्नलिंगसाठी, उरलेले ३० बोलण्यासाठी. म्हणून एका पीआरआयचा आकडा ३० लिहायचा. ३१ किंवा ३२ नाही.

आता कंट्रोलरखालची `पीआरआय-ग्रुप टाइमस्लॉट्स` ही ओळ ऑपरेटरच्या आदेशाशेजारी ठेवा. ऑपरेटरने १० चॅनेल चालू केले आहेत आणि राउटरवर १-३१ लिहिलं आहे, असं असेल तर राउटर बंद चॅनेलवरही कॉल टाकायला जातो. मग काही कॉल जातात, काही पडतात, आणि दोष लायसन्सला दिला जातो.

पडताळा: डायल-पीअरवर `मॅक्स-कॉन` लिहिलेलं आहे का पाहा. जुन्या कोणत्या तरी चाचणीत घातलेली ही मर्यादा तशीच राहिलेली असते. लायसन्स, पोर्ट, डीएसपी सगळं पुरेसं असतानाही कॉल ठरावीक आकड्यावर अडतात ते बऱ्याचदा या एका ओळीमुळे.

## ६. डीएसपी: लायसन्स नाही, पण मर्यादा हीच असते

पीआरआय किंवा अ‍ॅनालॉग पोर्टवरचा आवाज आयपीत बदलायला डीएसपी लागतो. `शो व्हॉइस डीएसपी ग्रुप ऑल` मधून कोणतं मॉड्यूल आहे आणि किती वाटप झालंय ते कळतं.

पीव्हीडीएम३-६४ या डीएसपी मॉड्यूलच्या नावातला ६४ हा फक्त जी.७११ चा आकडा आहे. जी.७२९ए सारख्या मध्यम कोडेकसाठी तेच मॉड्यूल ४२ चॅनेल देतं, आणि जड कोडेकसाठी २८. मॉड्यूलच्या नावावरून हिशेब केलात, तर एक तृतीयांश क्षमता कागदावरच राहते.

४००० मालिकेत जागासुद्धा महत्त्वाची. ई१ चं कार्ड स्वतःवर बसवलेलं पीव्हीडीएम४ वापरतं. मदरबोर्डवरचं पीव्हीडीएम४ ट्रान्सकोडिंग (एका कोडेकमधून दुसऱ्यात बदल) आणि कॉन्फरन्ससाठी असतं, ते पीआरआयच्या उपयोगी पडत नाही. मॉड्यूल मागवताना ते कुठे बसणार, हे ऑर्डरवर लिहा.

सिप ते सिप कॉल दोन्ही बाजूंना एकाच कोडेकमध्ये असेल, तर डीएसपी लागत नाही.

## ७. गर्दीच्या वेळचा आकडा घ्या

दुपारी दोनला पाहिलेले १२ कॉल काही सांगत नाहीत. सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तुमच्याकडे जेव्हा फोन सर्वाधिक वाजतात तेव्हा मोजा. `शो कॉल हिस्टरी वॉटरमार्क` उपलब्ध असेल, तर मागचा उच्चांक त्यातून मिळतो. पडलेल्या कॉलचे कारण-क्रमांकही उतरवा. ३४ म्हणजे रिकामा चॅनेल नाही, ४४ म्हणजे मागितलेला चॅनेल मिळाला नाही, ४७ म्हणजे साधनसामग्री कमी. ३४ आणि ४४ दिसले तर पाचव्या टप्प्याकडे परत जा, ४७ ला आधी डीएसपी तपासा.

## ८. आकडे शेजारी मांडा, मगच मागणी करा

समजा २९११ आहे. दोन ई१ पोर्ट, ऑपरेटरने साठही चॅनेल चालू केलेले, यूसीके९ पर्मनंट आणि इन यूज. शाखांकडे जी.७२९ए वापरतात. आत एकच पीव्हीडीएम३-६४. फॅक्ससाठी चार एफएक्सएस पोर्ट.

पोर्ट ६०, ऑपरेटर ६०, डीएसपी ४२. त्यातले चार फॅक्सच्या पोर्टना, म्हणजे पीआरआयसाठी ३८. कितीही लायसन्स घेतलं तरी हा आकडा हलणार नाही. २९११ मध्ये दुसरी जागा आहे. तिथे पीव्हीडीएम३-३२ घातलं तर मध्यम कोडेकचे २१ चॅनेल वाढून ६३ होतात, फॅक्सचे चार गेले की ५९. साठाला एक कमीच. म्हणून इथे -६४ च मागवावं लागेल. राउटर बंद केल्याशिवाय ते बसवता येत नाही, तेव्हा कामाची वेळ आधी मंजूर करून घ्या.

पण त्याआधी एक विचार करा. २९०० मालिकेचा आधार २०२२ च्या अखेरीस संपला आहे. अशा खोक्यात नवे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तोच आकडा घेऊन नव्या गेटवेचा प्रस्ताव मांडा. चॅनेल, सेशन आणि डीएसपी यांची मागणी त्यात तीन स्वतंत्र ओळींत लिहा, प्रत्येकीपुढे सध्याचा आकडा आणि हवा असलेला आकडा.

नवं लायसन्स किंवा मॉड्यूल आल्यावर, रीलोड झाल्यानंतर, पहिल्या टप्प्यापासून सगळ्या कमांड पुन्हा द्या आणि नवा लॉग जुन्या लॉगशेजारी ठेवा. `शो व्हर्जन`च्या टेबलात करंट आणि नेक्स्ट रीबूट दोन्ही सारखे दिसेपर्यंत आणि गर्दीच्या वेळी एकदा कॉल मोजून होईपर्यंत पुरवठादाराच्या कामपूर्तीच्या कागदावर सही करू नका.